चित्रकार आणि आज्ञावलीकार

संगणकावरील खेळ नुसता पाहणाऱ्याला प्रथम चित्र दिसते. खेळणाऱ्याची गोष्ट निराळी. तो थोड्याच वेळात चित्रामागच्या नियमाशी झुंजू लागतो. ही भिंत ओलांडता येईल काय, ही फळी आपले वजन पेलेल काय, हा प्राणी स्पर्श करताच मारील की आपणच त्याला मारू, असे प्रश्न तो बोटांनी विचारीत असतो आणि त्यांची उत्तरे मात्र डोळ्यांनी घेत असतो. चित्रात भक्कम दिसणाऱ्या फळीवर पाय ठेवताच पात्र खाली कोसळले, तर चूक चित्र काढणाराची की नियम लिहिणाराची याचे खेळणाऱ्याला सोयरसुतक नसते. त्याचा खेळावरचा विश्वास उडतो, एवढेच.

नियम लिहिणाऱ्याला आपल्याकडे आता सर्रास प्रोग्रॅमर म्हणतात. येथे आपण त्याला आज्ञावलीकार म्हणू. कारण यंत्राने काय करावयाचे याची एकापुढे एक आज्ञा लिहीत जाणे हेच त्याचे काम होय. मोठ्या व्यापारी कंपन्यांत एका खेळावर शेकडो माणसे खपतात. तेथे चित्रकार आणि आज्ञावलीकार यांच्यामध्ये निरोप नेणारे, वेळापत्रक सांभाळणारे आणि दोहोंची भाषा जाणणारे असे अनेक मध्यस्थ असतात. स्वतंत्रपणे, म्हणजे अशा कंपनीच्या छत्राखाली न राहता खेळ करणाऱ्यांपाशी ही चैन नसते. बहुधा दोन माणसे असतात. कधी तीन, कधी पाच. निरोप्या नसल्याने एकाची अडचण थेट दुसऱ्याच्या कागदावर येऊन पडते. ती तेथे कोणत्या रूपाने पडते आणि तिचे पुढे काय होते, हे पाहण्याजोगे आहे.

त्यासाठी यंत्राच्या कामाची थोडी ओळख हवी. पडद्यावरील हालचाल ही एकामागून एक येणाऱ्या स्थिरचित्रांची माळ असते. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची म्हटली, तर एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या अवधीत आज्ञावलीने खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते वाचावयाचे, प्रत्येक वस्तू कोठे सरकली याचा हिशेब करावयाचा, कोण कोणाला आदळले ते ठरवावयाचे आणि अखेर सर्व चित्र रंगवून पडद्यावर टाकावयाचे असते. चित्रकाराने झाडाला आणखी शंभर हलती पाने जोडली, तर ती पाने याच १७ मिलिसेकंदांतून आपला वाटा मागतात. शिवाय आज्ञावलीच्या लेखी झाड हे झाड नसतेच. बहुतेक वेळा ती एक साधी चौकट असते आणि पात्र त्या चौकटीला आदळते. चित्रकाराने काढलेली वाकडी फांदी आणि आज्ञावलीने मानलेली सरळ चौकट यांच्यात जे अंतर राहते, त्यातूनच दोघांमधील निम्मे वाद जन्माला येतात.

या सहकार्याचे एक जुने आणि सुखाचे उदाहरण दोन भावांचे आहे. अमेरिकेतील रँड आणि रॉबिन मिलर यांपैकी रँड आज्ञावली लिहीत, तर रॉबिन चित्रे काढीत. १९८७ साली अॅपल कंपनीने हायपरकार्ड नावाची प्रणाली काढली. तिच्यात पत्त्यांच्या गड्डीसारखी पाने रचता येत आणि चित्राच्या कोणत्याही भागावर बोट ठेवले असता दुसरे पान उघडावे अशी व्यवस्था करता येई. रँड यांनी भावाला सुचविले की या प्रणालीवर मुलांसाठी एक पुस्तक करू. रॉबिन यांनी पहिले चित्र काढले त्यात रस्त्यावरील गटाराचे झाकण होते आणि त्यातून एक वेल वर आला होता. पुढचे पान काढण्याऐवजी त्यांना त्या वेलावरून वर कोठे जाता येईल तेच काढावेसे वाटले. पुस्तक तेथेच राहिले. त्याचा 'द मॅनहोल' हा खेळ झाला आणि तो १९८८ साली बाहेर पडला. यंत्राला कोणत्याही दिशेने पाने उलटता येत होती म्हणून चित्रकाराला वेल सुचला, की चित्रकाराला वेल सुचला म्हणून यंत्राची ती शक्ती उमगली, हे आता दोघा भावांनाही सांगता येईल असे वाटत नाही.

याच भावंडांनी काही सहकाऱ्यांसह १९९३ साली 'मिस्ट' हा खेळ केला. त्या वेळच्या घरगुती संगणकाला त्रिमितीय दृश्य सपाट्याने रंगविणे झेपत नसे आणि तबकडीवरून चित्र वाचण्याचा वेगही मंद होता. म्हणून सुमारे २,५०० स्थिरचित्रे आधीच तयार करून ठेवण्यात आली. खेळणारा चालत नाही. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जातो. आता नुसत्या स्थिरचित्रांचे जग निर्जीव वाटणारच. मिलर बंधूंनी ते निर्जीवपण लपविले नाही. खेळाची भूमी म्हणून त्यांनी ओसाड बेट निवडले. तेथे माणसे नाहीत, वारा आणि लाटांचा आवाज आहे, आणि सोडून दिलेली यंत्रे आहेत. बेटाला चोहोबाजूंनी समुद्र असल्याने खेळणारा पुढे का जाऊ शकत नाही, हे सांगण्याचीही गरज उरली नाही. यंत्राचे दौर्बल्य कथेच्या स्वभावात विरघळून गेले. खेळाच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

भाऊ असणे ही मोठी सोय आहे, हे येथे मान्य केले पाहिजे. एरवी जोडीदार शोधावा लागतो. डेन्मार्कमधील चित्रकार आर्न्ट येन्सेन हे एका खेळ-कंपनीत नोकरीला होते आणि तेथे रमत नव्हते. २००४ च्या सुमारास त्यांना काळ्या-करड्या, धुक्याने भरलेल्या अरण्याचे एक जग सुचले. त्यांनी आधी स्वतःच व्हिज्युअल बेसिक या भाषेत आज्ञावली लिहून पाहिली. ते काम एकट्याच्या आवाक्यातले नाही, हे कळून चुकल्यावर त्यांनी चित्रांची एक छोटी हलती फीत तयार केली, ती आज्ञावलीकार मिळावा एवढ्याच हेतूने. खेळ नव्हता, खेळ असता तर कसा दिसला असता, याची ती झलक होती. २००६ साली डिनो पॅटी हे आज्ञावलीकार त्यांना भेटले. तेही मोठ्या कंपनीतील नोकरीला कंटाळलेले होते. दोघांनी कोपनहेगनमध्ये प्लेडेड ही संस्था काढली आणि काही महिन्यांतच त्यांच्या ध्यानात आले की दोघांनाही हे पुरे पडणार नाही. माणसे वाढली, सरकारी अनुदान घ्यावे लागले, पुढे गुंतवणूकदार आले. 'लिंबो' हा खेळ २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सारे जग छायाकृतींचे आहे. वस्तूचा पृष्ठभाग रंगविण्याचे अवाढव्य काम त्यामुळे टळले. आणि अंधारात सापळा दडविता येत असल्याने खेळाच्या नियमालाही धार आली. एका चित्रकाराच्या मनःस्थितीतून निघालेली शैली लहान संघाच्या कामी येते, ती अशी.

येथवरच्या दोन्ही उदाहरणांत चित्र आरंभापासून हजर होते. याच्या उलट, नियम आधी पूर्ण आणि चित्र मागाहून, असेही घडते, आणि तेच अधिक अवघड. 'ब्रेड' या खेळाची हकीकत त्यासाठी सविस्तर पाहिली पाहिजे. (नावाचा अर्थ वेणी असा आहे, पावाशी त्याचा संबंध नाही, हे अनुवादकाने आधीच सांगून ठेवलेले बरे.)

जॉनथन ब्लो हे अमेरिकन आज्ञावलीकार. त्यांनी २००४ च्या डिसेंबरात या खेळाला हात घातला. टिम नावाचा लहानखुरा माणूस राजकन्येच्या शोधात निघतो, उड्या मारतो, शिड्या चढतो. इतपर्यंत त्यात नवे काही नाही. नवे ते एवढेच की मरण आले तरी खेळ संपत नाही. कळ दाबून धरली की काळ उलटा वाहू लागतो आणि टिम जिवंत होऊन मागे येतो. त्यासाठी आज्ञावली क्षणाक्षणाला त्या जगाची स्थिती नोंदवून ठेवते आणि मागणी होताच ती नोंद उलट क्रमाने वाचते. प्रत्येक विभागात काळाचा कायदा बदलतो. एका विभागात टिम उजवीकडे चालला तर काळ पुढे जातो, डावीकडे चालला तर मागे, आणि उभा राहिला तर काळही थांबतो. अशा कायद्यांतून निघणारी कोडी ब्लो यांनी एकेक करून रचली. २००६ साली स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात या खेळाच्या रचनेला पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील चित्रे अगदी कामचलाऊ होती.

मग चित्रकाराचे काम काय उरले? सजावट? ब्लो यांनी डेव्हिड हेलमन यांना बोलाविले तेव्हा बाहेरून पाहणाऱ्यास असेच वाटले असते. हेलमन हे चित्रमालिका काढणारे. त्यांच्या मालिकेच्या लांबलचक नावाचा आशय असा होता की धडा मिळाला खरा, पण झालेली हानी भरून येणारी नाही. हानी भरून काढण्यावरच उभ्या असलेल्या खेळाला नेमका हाच चित्रकार मिळावा, हा योगायोग मला फार आवडतो.

हेलमन यांच्या हाती आला तो तयार नकाशा. कोणती कडा किती उंच, कोणती दरी किती रुंद, हे कोड्यांनी ठरवून टाकले होते. बोटभर फरक केला तरी कोडे मोडले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे नको त्या मार्गाने सुटले असते. आरंभीची त्यांची चित्रे या चौकटींना फारच आज्ञाधारकपणे चिकटली होती. फरशीचे तुकडे जोडावेत तशी ती दिसत आणि त्यांत बारकाव्यांची गर्दी होई. ब्लो यांचा आग्रह असा होता की ज्यावर उभे राहता येते, जे मारते आणि जे उचलता येते ते पाहताक्षणी कळले पाहिजे. बाकीच्याने मागे राहावे. हे सांगणे सोपे आहे. चित्रकाराच्या बाजूने त्याचा अर्थ असा होतो की ज्या कोपऱ्यात आपला हात सर्वांत चांगला चालला, नेमका तोच पुसावा लागतो. पुढे हेलमन यांनी मोठी चित्रे रंगवून त्यांचे अनियमित तुकडे केले आणि ते एकमेकांवर सरकवून मूळच्या सरळ कडा झाकून टाकल्या. पार्श्वभूमीसाठी तर आज्ञावलीतूनच लहान लहान चित्रकण सोडले गेले. ते संथपणे सरकत राहतात आणि ओल्या रंगाचा फराटा जिवंत असल्याचा भास होतो. येथे कुंचला कोणाचा म्हणावयाचा? रंग हेलमन यांचा, हालचाल आज्ञावलीची.

दोन तपशील विशेष सांगण्यासारखे आहेत. खेळाच्या एका टप्प्यापासून काही वस्तू काळाला बधत नाहीत. सारे जग मागे गेले तरी त्या आपल्या जागी राहतात. आज्ञावलीत हा अपवाद लिहिणे सहज शक्य आहे. पण तो दिसणार कसा? त्या वस्तूंभोवती हिरवी चमक दिली गेली. ती चमक एकदा ओळखली की खेळणारा कोणाच्या सांगण्यावाचून त्यावर डावपेच आखू लागतो. दुसरा तपशील याहून मौजेचा आहे. खेळात ठिकठिकाणी मिळणारे तुकडे एका चौकटीत जुळविले की एक रंगीत चित्र तयार होते. खेळणारा त्याला बक्षीस समजतो. मात्र एके ठिकाणी त्या चित्रात रंगविलेली फळी खरोखरीच पायाखाली येते. तिच्यावर उभे राहून पुढे जावे लागते. चित्र आणि जमीन यांच्यातील भेद त्या एका जागी पुसला जातो.

प्रस्तुत लेखक संगणकाचा जाणकार नव्हे. पण तयार चौकटीत काम करण्याचा अनुभव अनुवादकाला काही कमी नसतो. मुलांच्या सचित्र पुस्तकांत अनेक भाषांच्या आवृत्त्यांसाठी रंगीत चित्रे एकदमच छापून घेतात आणि मागाहून प्रत्येक भाषेचा काळा मजकूर मोकळ्या जागेत उतरवितात. अशाच एका पुस्तकात मूळ तीन ओळींचा मजकूर मराठीत साडेचार ओळींचा झाला आणि शेवटची ओळ म्हशीच्या शिंगावर चढली. चित्र हलणार नव्हते. ओळी कापताना पहिल्यांदा राग आला. दुसऱ्या दिवशी वाचले तेव्हा कापलेला भाग चित्रातच होता असे दिसले. हेलमन यांची चित्रे पाहताना त्या म्हशीची आठवण होते.

आता पैशाकडे वळले पाहिजे, कारण अशा जोड्या फुटतात त्या सौंदर्यदृष्टीच्या मतभेदाने थोड्या आणि मालकी व श्रेय यांच्या प्रश्नावर अधिक, असे माझे मत आहे. 'ब्रेड'साठी ब्लो यांनी सुमारे २ लाख डॉलर स्वतःच्या खिशातून घातले; त्यातील मोठा भाग हेलमन यांच्या मोबदल्यावर आणि स्वतःच्या चरितार्थावर गेला. म्हणजे खेळ ब्लो यांचा होता आणि चित्रकार मोबदल्यावर काम करीत होता. हा व्यवहार स्वच्छ आहे. धोका पैसा घालणाऱ्याने पत्करला. तथापि त्याची दुसरी बाजूही पाहावी. पात्रांची आणि प्राण्यांची मूळ चित्रे एडमंड मॅकमिलन या दुसऱ्या चित्रकाराने काढली होती. पुढे एकूण शैली बदलली तेव्हा हेलमन यांनी ती नव्याने घडविली. मोबदल्यावर काम करणाऱ्याचे चित्र असे बदलले जाऊ शकते आणि त्याबद्दल त्याने तक्रार करावी अशीही परिस्थिती नसते.

मॅकमिलन यांचा पुढचा खेळ याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. 'सुपर मीट बॉय' हा खेळ त्यांनी आणि आज्ञावलीकार टॉमी रेफेनीस यांनी बरोबरीच्या नात्याने केला. एक कॅलिफोर्नियात, दुसरा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला नॉर्थ कॅरोलायनात. २०१० साली तो बाहेर पडेपर्यंत दोघांनी काय सोसले, हे २०१२ च्या 'इंडी गेम : द मूव्ही' या अनुबोधपटात दिसते. बरोबरीच्या भागीदारीत चित्र पुसण्याचा अधिकार कोणा एकाकडे नसतो. मात्र घरभाडे देण्याची चिंता दोघांच्याही उशाशी असते. खेळ चांगला चालला. न चालता तर काय झाले असते, याचे उत्तर अनुबोधपट देत नाही, कारण न चाललेल्या खेळांचे अनुबोधपट क्वचितच निघतात.

त्याच अनुबोधपटात 'फेझ' या खेळाचे चित्रकार फिल फिश दिसतात. मूळ जोडीदार सोडून गेल्यावर त्यांनी कॅनडातील माँट्रियल येथे रनो बेदार या तरुण आज्ञावलीकाराला बरोबर घेतले. बेदार यांनी एक विशेष गोष्ट केली. चित्रकाराने सांगावे आणि आपण बसवून द्यावे, असे न करता त्यांनी एक अवजार घडविले. त्याच्या साह्याने फिश यांना सपाट चित्रांपासून लहान घन ठोकळे उभारता येत आणि ते हवे तसे रचून भूभाग तयार करता येई. आज्ञावलीकाराने चित्रकाराच्या हाती अवजार दिले की रोजची याचना थांबते. कमान आणखी थोडी उंच करून दे, असे सांगत बसावे लागत नाही. असे अवजार करण्यात वेळ जातो, आणि तो खेळात कोठे दिसत नाही. 'फेझ' २०१२ साली प्रसिद्ध झाला, सुमारे पाच वर्षांच्या कामानंतर.

पुढे अशी अवजारे विकत अथवा विनामूल्यही मिळू लागली. युनिटी, अनरिअल यांसारख्या तयार प्रणाली आज लहान संघांत सर्रास वापरल्या जातात. त्यांत आज्ञा अक्षरांनी न लिहिता पडद्यावरील चौकटी रेघांनी जोडूनही काही नियम रचता येतात. चित्रकार त्यामुळे आज्ञावलीच्या अंगणात बराच आत येतो. आपल्या पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संघाने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ अनरिअल प्रणालीवर केला आणि तो २०२० साली प्रसिद्ध झाला. आपल्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ही कथा. तिच्यातील वास्तू राजस्थानी धाटणीच्या आहेत, रंगांत पहाडी चित्रशैलीची आठवण आहे आणि कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या रूपाने जोडले आहेत. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा संघाचा प्रयत्न फसला होता. अनरिअलच्या निर्मात्यांकडून मिळालेले अनुदान उपयोगी पडले. तयार प्रणालीने जोडीदारांमधील तंटा मिटतो, असे मात्र समजू नये. महालाची जाळी किती नाजूक कोरावी आणि त्या महालात लढणारी मुलगी स्पष्ट कशी दिसावी, हा प्रश्न प्रणाली कोणतीही असो, दोघांनाच बसून सोडवावा लागतो.

'ब्रेड'ची एक गोष्ट सांगावयाची राहिली. १४ मे २०२४ रोजी त्याची सुधारित आवृत्ती निघाली. पडदे मोठे आणि सूक्ष्मदर्शी झाले होते, त्यामुळे जुनी चित्रे अपुरी पडू लागली होती; ती हेलमन यांच्या हातून नव्याने रंगविली गेली. पंधरा-सोळा वर्षांनी तोच चित्रकार त्याच कड्यांवर आणि त्याच दऱ्यांवर पुन्हा बसला. कोडी जागची हलली नव्हती. ही आवृत्ती फारशी खपली नाही, असे ब्लो यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले. तिच्यात एक सोय आहे. खेळता खेळता एक कळ दाबली की नवे चित्र जाऊन २००८ चे जुने चित्र येते, पुन्हा दाबली की नवे. टिम मात्र ज्या फळीवर उभा असतो, त्याच फळीवर उभा राहतो.